११२, एनसी आणि आमचं पोलीस ठाणं: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पंचवीसेक वर्षं एकाच वस्तीत राहतेय. पूर्वी कुणी विचारलं असतं तर आमचं पोलीस ठाणं चांगलं आहे असंच मी सांगितलं असतं, कारण त्याची पायरी चढायची वेळच आली नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून ती वारंवार आली. रात्रीचा धिंगाणा, पार्किंगमधून गेलेली सायकल, शेजारणीचा मोबाइल आणि शेवटी गल्लीच्या तोंडाशी भरदिवसा खेचलेली सोनसाखळी. त्यामुळे ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरापासून अधीक्षकांना अर्ज करण्यापर्यंत सगळंच वापरून झालंय.

आधी जे चांगलं आहे ते. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ आहे. फोन आपल्या ठाण्यात वाजत नाही. नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. गाडी येते. पटकन येते, अपरात्रीही येते, आणि आलेले बीट मार्शल (गस्तीचे पोलीस) नीट बोलतात. पण आल्याबरोबर त्यांना घाई असते ती कॉल बंद करायची. कट्ट्यावरची पोरं हाकलली, नाव-गाव विचारलं, 'मॅडम, आता तक्रार नाही ना?' झालं. गाडी वळली की तीच पोरं पुन्हा त्याच कट्ट्यावर. त्या कॉलचं पुढे काय होतं, रोज तिथेच कॉल येतोय हे ठाण्यात कुणी बघतं का, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

खरी गंमत सायकलीपासून सुरू झाली. ठाणे अंमलदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'जुनीच होती ना? मग साडेचार हजार धरू.' मला वाटलं विम्यासाठी वगैरे असेल. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणजे एफआयआर नाही, एनसी, नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. आणि एनसीचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. किमतीचा आकडा पाचशेने इकडेतिकडे झाला की सायकल शोधायची जबाबदारीच संपते! बिल दाखवते म्हटलं, तर 'ताई, बिल नव्या सायकलचं असतं.' वापरलेल्या वस्तूची किंमत कमी धरायची हे मान्य, पण ती किती कमी हे फक्त टेबलापलीकडचा माणूस ठरवणार का? आमच्या इमारतीत आणखी दोन सायकली गेल्या, त्यांचीही तीच गत. वस्तीतल्या बैठकीत साहेब म्हणाले, हद्दीतल्या चोऱ्या कमी झाल्यात. कागदावर झाल्याच असतील.

शेजारणीचा मोबाइल बसमध्ये खिशातून मारला. तिला 'गहाळ' म्हणून ऑनलाइन टाकायला सांगितलं, तिनेही सिम लवकर मिळावं म्हणून टाकलं. केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख) नंबर देऊन फोन ब्लॉक झाला, ही सोय मात्र उत्तम. त्यात कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

साखळीच्या वेळी गुन्हा लगेच नोंदवला, हेही सांगायला हवं. हिसकावून नेणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मिळाली. मग सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण. मोटरसायकल दिसते, मागे बसलेल्याचा शर्ट दिसतो, नंबर प्लेटच्या जागी उन्हाची चकाकी. हवालदार म्हणाले, पेनड्राइव्ह तयार ठेवा, येऊन नेतो. आमचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) पंधरवड्यात जुनं पुसून वर नवं लिहितो, म्हणून सेक्रेटरींनी ते वेळेत काढून ठेवलं. न्यायला आले ते बऱ्याच दिवसांनी, तेही आम्ही आठवण केल्यावर. असं चित्रण कोर्टात चालवायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश व्हॅल्यूसकट (चित्रणात बदल झालेला नाही हे पडताळायचा डिजिटल आकडा) प्रमाणपत्र लागतं. तो कागद आम्हीच विचारला. समोरून उत्तर आलं, 'ते नंतर बघू.' तोपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं, जिथे चेहरा दिसायची शक्यता जास्त होती, ते पुसलं गेलं होतं. (सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने जपायला सांगितलंय. गल्लीतल्या कॅमेऱ्यांना असा कुणी वाली नाही.)

ठाण्यात माणसं कमी आहेत हे मला दिसतं. सण, सभा, कुणाचा दौरा, सगळीकडे बंदोबस्ताला हीच माणसं. आमचा तपास ज्यांच्याकडे होता ते दोनदा भेटले, दोन्ही वेळा रात्रपाळी करून तसेच बसलेले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण एनसी करायला कुणी पुरतं आणि चार दुकानांत जाऊन चित्रण मागायला कुणी पुरत नाही, हे गणित मला पटत नाही.

तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलंय. साखळीवाल्या काकूंना काहीच आलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा 'चालू आहे' एवढंच.

सायकलीसाठी मी त्याच संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज केला. आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे करतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, तोंडी 'मिळाला' चालवून घेऊ नका. सायकलीचं बिल, फोटो, फ्रेम नंबर आणि एनसीची प्रत जोडा, आणि किंमत कशी धरली हे लेखी विचारा. माझ्या अर्जाला उत्तर आलं: 'योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठविण्यात आला आहे.' संबंधित म्हणजे तेच ठाणं, आणि फोन आला तो त्याच ठाणे अंमलदारांचा. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं ठरवलंय, वकिलांनी कागद मागवलेत.