आत्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आठ महिन्यांचा अनुभव

आत्या घरून मुद्रितशोधनाची कामं करते. लॅपटॉप दहा वर्षांचा, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद होणार होते आणि हे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतं. मार्चमध्ये मी तिला विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम सुचवली. तिने एकच विचारलं, "अरे, माझ्या फायली उघडतील ना?"

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच, निवडताना मी तो प्रश्न समोर ठेवला. कोणती डिस्ट्रो श्रेष्ठ, या वादात नवख्या माणसाला ओढू नये. तो रोज काय उघडतो ते बघावं. आत्याला ब्राउझर, लिहायचा प्रोग्राम, पीडीएफ आणि प्रिंटर एवढंच लागतं. तिच्यासाठी मिंट या डिस्ट्रोची २२.१ घेतली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची. तिच्या तळाशी उबुंटू २४.०४ ही दुसरी डिस्ट्रो, म्हणजे २०२९ पर्यंत अपडेटची काळजी नाही. मिंटचा सिनॅमन हा डेस्कटॉप दिसायला जास्त छान आहे, पण ४ जीबीत एक्सएफसीई मोकळं चालतं.

आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल मूळची आहे का ते दाखवणारा आकडा, पडताळायचा कंटाळा करू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला झाला होता आणि काही काळ तिथून बिघडवलेली आयएसओ लोकांच्या हाती जात होती. पडताळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आयएसओ पेनड्राइव्हवर चढवून तिथूनच मिंट 'लाइव्ह', म्हणजे इन्स्टॉल न करता, सुरू केलं आणि दोन दिवस आत्याला तसंच वापरू दिलं. डिस्कला हातही लावला नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तिनेच तपासलं. पहिल्यांदा वायफाय दिसेना. वायफायचं कार्ड ब्रॉडकॉम कंपनीचं निघालं, त्याला वेगळा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) लागत होता. फोन यूएसबीने जोडून इंटरनेट दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तिथे ड्रायव्हर निवडला आणि काम झालं. ही अडचण इन्स्टॉल करण्याआधी कळली, हाच लाइव्हचा मोठा फायदा.

इन्स्टॉल अर्ध्या तासाचं काम. तेवढं 'इरेज डिस्क'वर टिचकी मारण्याआधी बॅकअप घ्या, आणि घेतलेल्या बॅकअपमधल्या चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का ते आधी तपासा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करायला विसरू नका.

खरी परीक्षा पुढे होती. आत्याच्या जुन्या फायली युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-प्रमाणाच्या) आधीच्या फॉन्टमधल्या. लिबरऑफिस या लिहायच्या प्रोग्राममध्ये पहिली उघडली तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तिचा चेहरा उतरला. पण मजकूर शाबूत होता, फक्त फॉन्ट नव्हता. बॅकअपमधून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातल्या तिच्या टीटीएफ (फॉन्टच्या) फायली होम फोल्डरात, म्हणजे तिच्या स्वतःच्या फायलींच्या फोल्डरात, '.fonts' (आधी टिंब) नावाचं फोल्डर करून त्यात टाकल्या, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं आणि पान जसंच्या तसं समोर आलं. जुनं मराठी काम करणाऱ्या कुणालाही लिनक्सवर नेताना आधी त्याचे फॉन्ट गोळा करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

टायपिंग सोपं गेलं, कारण तिची बोटं इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर बसलेली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'यूज सिस्टम डिफॉल्ट्स' बंद करून मराठीचा एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट जोडला. तिने सगळ्यात आधी 'सुऱ्या' लिहून बघितलं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरपी रेघ: 'ऱ्य' नीट उमटला. नंतर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर'. मग ती हसली.

आठ महिन्यांत काय झालं? बूट व्हायला पूर्वी चहा होऊन जायचा, आता मिनिटभरही लागत नाही. त्यातलं बरंचसं श्रेय मी घातलेल्या एसएसडीचं (जलद डिस्कचं), हे मान्य. अपडेट ती स्वतः करते. कोपऱ्यातल्या ढालीवर ठिपका दिसला की उघडते. सप्टेंबरमध्ये मिंट २२.२ आली, तीही अपडेट मॅनेजरच्या मेनूतूनच चढवली. टाइमशिफ्ट (बिघडल्यास सिस्टीम आधीच्या स्थितीत नेणारं साधन) पहिल्याच दिवशी लावून दिलं, पण त्यात होम फोल्डर मुळातच वगळलेलं असतं. फायलींचा बॅकअप वेगळा हवाच, तो ती दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर घेते.

त्रास एका गोष्टीने दिला. झाकण मिटून उघडलं की कधीकधी वायफाय गायब. दोन महिने रीस्टार्ट करण्यावर भागवलं. शेवटी अपडेट मॅनेजरमधून कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१४ घेतला, तेव्हापासून पुन्हा झालेलं नाही. स्कॅनरचं मात्र अजून जमलेलं नाही. प्रिंट उत्तम येते, स्कॅन ती फोनवरून करते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मैत्रिणीचा लॅपटॉप अडलाय, पेनड्राइव्ह तयार करून पाठव म्हणाली. मी येऊ का विचारलं तर म्हणाली, "नको, लाइव्ह मीच दाखवते तिला. तिचे फॉन्टही आधी काढून घेतलेत."