झोप झाली का? थांबा, घड्याळ बघून सांगते

पाडव्याच्या ओवाळणीत गेल्या वर्षी मला साडीऐवजी स्मार्टवॉच मिळाले. ठाण्यातल्या राम मारुती रोडवरच्या एका दुकानातून यजमानांनी ते साडेसात हजार रुपयांना आणले आणि आंघोळीची व चार्जिंगची वेळ सोडली, तर मी ते पहिले काही महिने रात्रंदिवस मनगटावर वागवले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार एका कंपनीपेक्षा झोपेला गुण देण्याच्या त्या एका सोयीविषयी आहे, आणि ती सोय आता त्या दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक घड्याळात आहे.

आधी जमेची बाजू. नाडीचे ठोके हे घड्याळ चांगले मोजते. त्याच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकत असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या रक्ताचे प्रमाण किंचित कमीजास्त होते आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या त्या चढउतारावरून ठोक्यांचा हिशेब लागतो. स्वस्थ बसून बोटांनी मोजलेली नाडी आणि घड्याळाचा आकडा यांत मला दोनतीन ठोक्यांपेक्षा जास्त फरक कधी दिसला नाही. पट्टा सैल राहिला किंवा कचराळी तलावाला भरभर फेऱ्या मारताना हात घामेजला, तर मात्र आकडा भरकटतो. बॅटरी पाच दिवस टिकते. तासभर खुर्चीवरून उठले नाही की मनगटावर बारीकशी थरथर होते, आणि दिवसभर हिशेबाच्या कामात मान खाली घालून बसणाऱ्या माझ्यासारखीला ती खरोखरच उपयोगी पडली. मराठी संदेश मात्र बघवत नाहीत. जोडाक्षरे फुटून अक्षरे सुटी सुटी उभी राहतात, आणि मुलाच्या शाळेतून आलेला ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द वाचण्यासाठी मला शेवटी फोनच उघडावा लागला.

पावलांच्या मोजणीबाबत तक्रारीपेक्षा करमणूकच जास्त झाली. हे घड्याळ पाय मोजत नाही, हात हलतो ते मोजते. सकाळी ओट्याशी एका जागी उभी राहून मी वीस पोळ्या लाटल्या, तेवढ्यात त्याने माझ्या नावावर दोनशेहून अधिक पावले जमा केली. उलट जांभळी नाक्यावरून दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन घरी चालत आले, तेव्हा त्या फेरीतली निम्मीशिम्मी पावले त्याला दिसलीच नाहीत. कौपिनेश्वराच्या देवळात आरतीला टाळ्या वाजवल्या, तर त्याही चालण्यात धरल्या गेल्या. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गंमत म्हणून मी ते ढोल वाजवणाऱ्या भाचीच्या हाताला बांधले होते. त्या हिशेबाने ती ठाण्याहून थेट कल्याणला जाऊन आली असावी.

अ‍ॅप उघडले की पहिल्याच पानावर दहा हजार पावलांचे उद्दिष्ट समोर येते. हा आकडा कोणा वैद्याने ठरवलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, या नावाने कमरेला लावायचे यंत्र बाजारात आणले. ते नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आरोग्याचा नियम होऊन बसले. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे हा फायदा वाढताना दिसला नाही. आमच्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्या कचराळीला रोज नेमाने फेऱ्या मारतात आणि मग बाकावर बसून मैत्रिणींशी बोलतात. घड्याळ हाती आल्यावर पहिल्या आठवड्यात मी त्यांनाही दहा हजारांचा आग्रह करून बघितला होता, हे सांगायला आज संकोच वाटतो.

आता झोपेविषयी, कारण या घड्याळाच्या खोक्यावर सर्वांत ठळक जाहिरात तिचीच होती. रात्री ते बांधून झोपायचे आणि सकाळी अ‍ॅप शंभरापैकी गुण देते. सोबत हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप आणि जाग यांचा रंगीत आलेख असतो. पहिले पंधरा दिवस मोठी मौज वाटली. विसाव्या दिवसाच्या सुमारास यजमानांनी चहा गाळता गाळता सहज विचारले, “झोप झाली का गं?” आणि मी म्हणाले, “थांबा, बघून सांगते.” सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “भूक लागली का, तेही त्यालाच विचार आता.”

त्या दिवशी गुण ५४ होते. वास्तविक मी चांगली ताजीतवानी उठले होते. पण आकडा पाहिला आणि साडेआठच्या गाडीला उभी असतानाच मला जांभया यायला लागल्या, दुपारी डोके जड झाले आणि संध्याकाळपर्यंत मी स्वतःला थकलेली बाई म्हणूनच वागवले. हा माझा एकटीचा खुळेपणा नव्हता. अमेरिकेतील कोलोरॅडो कॉलेजमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विद्यार्थ्यांच्या झोपेची मोजणी केल्याचे निव्वळ नाटक करून काहींना ‘तुमची झोप सरस झाली’ आणि काहींना ‘तुमची झोप कमी दर्जाची झाली’ असे सांगण्यात आले होते. ज्यांना सरस म्हटले त्यांची कामगिरी नंतरच्या बुद्धीच्या चाचण्यांत चांगली झाली आणि ज्यांना कमी म्हटले त्यांची घसरली, मग स्वतःच्या झोपेविषयी त्यांचे स्वतःचे मत काहीही असो.

पुढचे दोन महिने वाईट गेले. गुण वाढावेत म्हणून मी साडेनऊलाच अंथरुणावर पडू लागले आणि झोप येत नसताना तशीच निश्चल पडून राहू लागले. इथेच या यंत्राची खरी मेख आहे. झोपेची अधिकृत तपासणी रुग्णालयात एक रात्र राहून होते. तिच्यात डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावून मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण नोंदवतात. मनगटावरच्या घड्याळाला मेंदूचा पत्ताच नसतो. हाताची हालचाल आणि ठोक्यांचा वेग यांवरून ते अंदाज बांधते. माणूस झोपला आहे हे त्याला बऱ्यापैकी कळते, पण जागा असून न हलता पडून आहे हे फारसे कळत नाही, आणि झोपेच्या पायऱ्या ओळखण्यात तर ते आणखी कच्चे आहे. एका रात्री पाऊण तास मी छताकडे बघत, पंख्याचा आवाज ऐकत आणि घोडबंदर रोडवरून जाणारे ट्रक मोजत पडले होते. त्या पाऊण तासाची नोंद सकाळी ‘हलकी झोप’ अशी निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफ्यावर टेकून मालिका बघत होते, तीही झोपच ठरली. (मालिकेचा दर्जा पाहता या नोंदीला मी फारसा आक्षेप घेतला नाही.)

शेवटी नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, घोरणे आणि दिवसा पेंगणे यांविषयी विचारले आणि मग म्हणाले, “निद्रानाशाच्या माणसाला आम्ही पहिल्यांदा काय सांगतो माहीत आहे? रात्री घड्याळ बघू नका, त्याचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा. तुम्ही तर ते हातालाच बांधलंय.” आकड्यांपायी झोप उडण्याच्या या प्रकाराला संशोधकांनी नावही दिलेले आहे. २०१७ मध्ये शिकागोतल्या तज्ज्ञांनी अशा तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध करून त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ म्हटले होते. रुग्णालयातल्या तपासणीचा निष्कर्ष समोर असतानाही अशा रुग्णांचा विश्वास हातातल्या यंत्रावरच जास्त बसतो, हे त्यात वाचताना माझी मान आपोआप खाली गेली. गाढ झोपेचे प्रमाण वयाबरोबर घटते आणि रात्री अधूनमधून क्षणभर जाग येणे हा निरोगी झोपेचाच भाग असतो, हेही डॉक्टरांनीच सांगितले. साडेसात हजारांच्या अ‍ॅपमध्ये हे वाक्य कुठेही नाही.

पट्टा बदलायला पुन्हा त्याच दुकानात गेले होते. ठाण्याच्या दमट हवेत रबरी पट्ट्याखाली पुरळ उठते, तेव्हा कापडी पट्टा घ्यावा, हे जाता जाता सांगते. तिथल्या मुलाने सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारे दुसरे घड्याळ कौतुकाने दाखवले. यजमानांना मधुमेह असल्यामुळे मोह झाला, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमका याविषयीच इशारा दिला होता, हे सुदैवाने लक्षात होते. त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले होते. चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी इन्शुलिन कमीजास्त घेतले, तर जीवावर बेतू शकते. त्या मुलाला मी हे सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, चालतं खूप.” चालत असेलही.

घ्यावे की घेऊ नये, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की नाडीसाठी आणि बसल्या जागेवरून उठवण्यासाठी हे घड्याळ जरूर घ्यावे, पण साडेसात हजार देऊ नयेत, कारण ही दोन कामे त्याच्या निम्म्या किमतीतही होतात. झोपेची मोजणी पहिल्याच दिवशी बंद करावी. ज्यांना आधीच झोपेची काळजी लागलेली आहे, त्यांनी तर त्या पानाकडे फिरकूच नये. मी माझ्या घड्याळातले ते बटण फाल्गुनात बंद केले. रात्री आता ते फ्रिजवर चार्जिंगला असते आणि सकाळी कचराळीला निघताना मी ते हाताला बांधते. अ‍ॅप मात्र हट्टी आहे. रोज सकाळी ‘झोप: शून्य तास, शून्य मिनिटे’ अशी नोंद त्यात उमटते. माझ्या झोपेविषयी त्याने दिलेला हा पहिलाच आकडा आहे, जो मी चहाला आधण येईपर्यंत विसरून जाते.