डिस्चार्जनंतर पोराची औषधं: मोबाईलचा गजर, घरचा ग्रुप की फ्रिजवरचा कागद?

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून म्हणा नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या खासगी दवाखान्यातून म्हणा, पोराला घरी आणताना हातात डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पिशवी असते. वॉर्डात सिस्टर वेळेवर औषध द्यायच्या आणि लगेच लिहून ठेवायच्या. घरी ते काम कुणाचं, हे ठरतच नाही. आमच्याकडेही ठरलं नव्हतं. लेक न्यूमोनियातून उठून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सातला अँटिबायोटिक पाजलं. साडेसातला मी कामावरून आले आणि मीही पाजलं. घाबरून डॉक्टरांना फोन केला. पोट जरा बिघडलं, तेवढ्यावर निभावलं. मग पुढच्या आठ दिवसांत आम्ही तिन्ही उपाय करून बघितले.

मोबाईलचा गजर वेळेला पक्का. दर आठ तासांनी द्यायचं औषध असेल तर रात्री उठवणारा तोच. पण गजर वाजतो तो फोन असेल तिथं. माझा फोन माझ्याबरोबर कामावर गोकुळ शिरगावला, औषध घरी मंगळवार पेठेत! शिवाय गजर बंद केला म्हणजे औषध दिलं असं होत नाही. गॅसवर दूध असलं की हात आपोआप आधी गजर बंद करतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप नवऱ्यानं काढला. दोन दिवस छान चालला, मग ‘पाजलं’ हा मेसेज काकांच्या सुप्रभातांखाली गडप झाला. ग्रुपवर निळी टिक आली म्हणजे सगळ्यांनी मेसेज बघितला एवढंच कळतं. आई-वडील दोघं नोकरीला आणि पोर पाळणाघरात असेल, तर मात्र ग्रुपच बरा. तिथं बाकी गप्पा नकोत, एवढा एकच नियम पाळा.

कागद वाजत नाही, ही त्याची मोठी उणीव. तरीही एकत्र कुटुंबात मी कागदालाच कौल देईन, कारण तो औषधाशेजारी असतो आणि पाजणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. त्यावर मराठीत औषधाचं नाव, कशासाठी, किती एमएल, कुठल्या तारखेपर्यंत हे लिहायचं आणि पुढं सकाळ-दुपार-रात्र असे चौकोन आखायचे. कार्डावरचं 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. सासूबाईंना इंग्रजी लेबल वाचता येत नाही, म्हणून नावापुढं बाटलीच्या झाकणाचा रंग काढला. पेन दोऱ्यानं बांधून ठेवा, नाहीतर तेच हरवतं. पाजल्याबरोबर खूण करायची, नंतर आठवून नाही. गजर हवाच असेल तर दिवसभर घरात राहणाऱ्याच्या फोनवर लावा.

मोजमापाच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे: चमचा नको. घरातला कुठलाच चमचा 5 एमएलचा असेल याचा भरवसा नाही. बाटलीवरचं टोपण बरं, पण 2.5 किंवा 3.5 एमएलला तिथंही अंदाजच. मेडिकलमध्ये बिनसुईची सिरिंज थोड्या पैशांत मिळते. तिच्यावरचं टोपण असेल तर ते फेकून द्या, नाहीतर पोराच्या घशात जायचं. गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडलं की ठसकाही लागत नाही. दवाखान्यातून निघण्यापूर्वी सिस्टरांसमोर एकदा आपल्या हातानं भरून दाखवा आणि त्या रेघेवर चिकटपट्टी लावा.

एमएलवर एवढा जोर देण्याचं कारण पॅरासिटामॉल. याच नावाच्या सिरपमध्ये 5 एमएलला 120 मिलिग्रॅमही मिळतं आणि 250 मिलिग्रॅमही. थेंबांच्या बाटलीत तर 1 एमएलमध्येच 100 मिलिग्रॅम असतं. जुनी बाटली घरात आहे म्हणून तेवढेच एमएल पाजले तर औषध दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतं. डोस पोराच्या वजनावर ठरतो, थोरल्याचं उरलेलं धाकट्याला चालत नाही.

पावडरीच्या अँटिबायोटिकमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, कालवल्याची तारीख बाटलीवर टाकायची आणि दर वेळी हलवून द्यायचं. अशी बरीच औषधं फ्रिजमध्ये ठेवून साधारण आठवडाभरच चालतात, लेबल वाचा. दहा दिवसांचा कोर्स असेल तर दुसरी बाटली आधीच कालवून ठेवू नका.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध पिऊन वाढलेल्या घरात सगळी औषधं दुधातून द्यायची हौस असते. आमच्याकडे तर फारच! पण लोहाचं औषध दुधाबरोबर नीट अंगी लागत नाही, आणि पोरानं अर्धा पेला टाकला तर औषध किती गेलं कळणार कसं? वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून तर मुळीच नको.

फिट्सचं औषध वर्षानुवर्षं चालतं. तिथं रोज चौकोन भरायचा कंटाळा येतोच, म्हणून गजर चांगला, सोबत बाटली संपायच्या एक आठवडा आधी वाजणारा दुसरा गजर. हे औषध आणि काही दिवस चाललेलं स्टेरॉइड आपल्या मनानं एकदम बंद करायचं नसतं. डोस चुकला तर पुढचा दुप्पट देऊ नका. उलटी झाली तर परत द्यायचं की नाही, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून कागदाच्या तळाशी लिहून आणा.

आमचा कागद फेरतपासणीला घेऊन गेले होते. दुपारचे तीन चौकोन रिकामे बघून डॉक्टरांनी विचारलं, “दुपारी घरी कोण असतं?”