शेफील्डमध्ये राहायचं की डोंगरातल्या गावात?

इंग्लंडमधलं शेफील्ड शहर आणि त्याला लागून असलेलं पीक डिस्ट्रिक्ट हे डोंगराळ नॅशनल पार्क बघायचा बेत ठरला की पहिला प्रश्न मुक्कामाचा येतो. शहरात खोली घेऊन डोंगरात जाऊन-येऊन करावं, की सरळ कॅसलटन, एडेल, बेकवेल अशा एखाद्या गावात राहावं? माझं मत आधीच सांगतो. गाडी नसेल तर शहर. गाडी असली तरी पहिल्या खेपेला शहरच. गावाच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते ठरावीक लोकांसाठी आणि ठरावीक महिन्यांसाठी.

शहराकडे माझा कल असण्याचं मुख्य कारण नकाशात आहे. शेफील्डच्या हद्दीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नॅशनल पार्कमध्येच मोडतो. शहराच्या मुख्य स्टेशनातून मँचेस्टरच्या दिशेने जाणारी थांबत थांबत धावणारी गाडी पकडली की उपनगरं संपता संपता टॉटलीचा साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. त्यातून बाहेर पडता ते थेट ग्रिंडलफर्डच्या झाडीत. पुढे हॅदरसेज, बॅमफर्ड, होप आणि मग एडेल, सगळा प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. एडेलच्या स्टेशनातून उतरून पाच मिनिटं चाललं की पायवाट सुरू. इथूनच पेनाइन वे ही ४०० किलोमीटरहून लांब पायवाट निघते आणि स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाऊन संपते. तेवढं चालायची गरज नाही, तासाभरातही दरी पुरती दिसते.

कॅसलटनला स्टेशन नाही, तिथे शेफील्डहून २७२ नंबरची बस जाते. बेकवेलची रेल्वे १९६० च्या दशकात बंद पडली, तिकडे २१८. गावात राहणाऱ्यांची अडचण इथे सुरू होते. शहरातून प्रत्येक गावाला काही ना काही जातं, पण एका गावातून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बस मोजक्याच आणि संध्याकाळी त्याही आटोपतात. कॅसलटनमध्ये राहून बेकवेल बघायचं म्हटलं तर दिवसातला बराच वेळ थांब्यावर जातो. गाडी असेल तर हा मुद्दा उरत नाही. मात्र उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कॅसलटनजवळच्या मॅम टॉर या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळवणं हेही एक कामच असतं.

चालायला काय, बघायला काय

सह्याद्रीत फिरलेल्या मंडळींना मॅम टॉरची उंची ऐकून हसू येईल: ५१७ मीटर. माथ्यावर लोहयुगाच्याही आधीपासूनचा डोंगरी किल्ला आहे, म्हणजे मातीचे बुजलेले तट आणि खंदक. बुरूज, दरवाजा, टाकं असं काही शोधू नका. वारा मात्र असा की टोपी हातात धरावी लागते. खालच्या अंगाला डोंगर सरकून सरकून मोडलेला जुना हमरस्ता दिसतो. दुरुस्तीला कंटाळून तो १९७९ मध्ये कायमचा बंद केला. डांबराच्या तुटून खाली-वर झालेल्या लाद्यांवरून चालताना मुलांना किल्ल्यापेक्षा जास्त मजा येते. परिसरातला सर्वांत उंच भाग किंडर स्काउट, ६३६ मीटर. तिथे धुकं उतरलं की वाट सापडत नाही, तेव्हा चप्पल-सँडलवर जाऊ नका.

या डोंगरांवर आज कुणीही फुकट फिरू शकतो, पण एके काळी फिरणाऱ्यांना हाकलून लावायला पहारेकरी असत. श्रीमंतांना ग्राउस पक्ष्यांची शिकार करता यावी म्हणून हे माळ बंद होते. २४ एप्रिल १९३२ ला गिरणी-कारखान्यांतले शेकडो तरुण मुद्दाम किंडरवर घुसले. बरेचसे मँचेस्टरकडून आले, एक गट शेफील्डच्या बाजूने एडेलहून. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये देशातलं पहिलं नॅशनल पार्क इथेच झालं. शेफील्डच्या एथेल हेथॉर्नथ्वेट यांनी त्याआधीच लोकांकडून पैसे जमवून शहराजवळच्या लाँगशॉची जमीन विकत घेण्याची मोहीम चालवली होती. थोडक्यात, गावाकडचा डोंगर वाचवला तो शहरातल्या माणसांनी. म्हणून शहर वगळून फक्त डोंगर बघणं मला अर्धवट वाटतं.

शहरातही फुकट गोष्टीच सरस आहेत. मिलेनियम गॅलरीत शेफील्डच्या सुऱ्या-काट्यांचा आणि धातुकामाचा संग्रह आहे. शेजारच्या दालनात जॉन रस्किन यांनी १८७५ मध्ये इथल्या धातुकामगारांसाठी उभारलेल्या संग्रहालयातली चित्रं, खनिजं आणि पुस्तकं ठेवली आहेत. मूळ संग्रहालय वॉकलीच्या टेकडीवर होतं, धुराच्या वर. ग्रेव्हज गॅलरी, वेस्टन पार्क म्युझियम, बोटॅनिकल गार्डन, कशालाच तिकीट नाही. पैसे मोजावेत ते केल्हम आयलंडच्या संग्रहालयात, तेही १९०५ चं १२,००० अश्वशक्तीचं रिव्हर डॉन वाफेचं इंजिन चालवून दाखवतात त्या वेळी. वेळापत्रक आधी बघून घ्या, उभं इंजिन बघून फारसं काही कळत नाही.

संध्याकाळ

इथे शहर सरळ जिंकतं. क्रूसिबल आणि लायसियम ही दोन नाट्यगृहं एकाच चौकात आहेत. क्रूसिबलमध्ये हजाराच्या आत खुर्च्या, रंगमंच तीन बाजूंनी प्रेक्षकांत शिरलेला, त्यामुळे मागच्या रांगेतूनही नटाचा चेहरा दिसतो. १९७७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा इथेच होते, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या सोमवारपर्यंत. स्नूकरचं वेड नसेल तर ते दिवस टाळा, खोल्या महाग होतात. गावात मात्र कॅफे चार-पाचला बंद. मग पब, आणि त्यानंतर खिडकीबाहेरचा अंधार.

हा अंधार किती वाजता पडतो त्यावर बरंच अवलंबून आहे. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि दिवसाची गर्दी परतली की कॅसलटन-एडेलचे रस्ते तुमचे एकट्याचे. त्या महिन्यात गावातला मुक्काम मीही मान्य करीन. डिसेंबरमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा गावात राहून काय करणार?

एक अपवाद आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो. शेफील्डच्या वायव्येला शहर आणि माळरानाच्या सीमेवर स्टॅनिंग्टन, डंगवर्थ अशी गावं आहेत. तिथल्या पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत लोक जमून कॅरोल, म्हणजे नाताळची गीतं, गातात. ही गाणी एकोणिसाव्या शतकात चर्चमधून मागे पडली आणि पबमध्ये टिकली. एकच गीत इथे अनेक चालींवर म्हटलं जातं. गाणारे हातात पेला घेऊन पाठ म्हणतात. बसायला जागा मिळेलच असं नाही, पण धर्म, भाषा काही आड येत नाही. यासाठीही मुक्काम शहरात ठेवून टॅक्सीने गेलेलं बरं.

उन्हाळ्यात गावांची स्वतःची कला म्हणजे विहिरी सजवणं. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तिच्यात पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ दाबून चित्र उभं करतात, जणू फुलांची रांगोळी भिंतीला टेकवून ठेवलेली. मे ते सप्टेंबर प्रत्येक गावाची पाळी वेगळी आणि चित्र टिकतं आठवडाभर, तेव्हा तारखा बघूनच बेत करा.

पाऊस, गुडघे आणि जेवण

पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. शहरात त्यामुळे काही अडत नाही. गावात कॅसलटनच्या गुहा आहेत, पण त्यातल्या स्पीडवेल गुहेतल्या होडीपर्यंत जायला शंभराहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. आई-बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर पीक कॅव्हर्न ही गुहा बघा. तिच्या प्रचंड तोंडाशी शेकडो वर्षं दोर वळणारे राहत आणि काम करत. उघडीप असेल तर आई-बाबांना मॉन्सल ट्रेलवर न्या. बेकवेलची तीच बंद पडलेली रेल्वे, आता रूळ काढून सपाट वाट केलेली, बोगदे आणि पुलांसकट.

बेकवेलजवळच्या चॅट्सवर्थच्या महालाचं तिकीट बऱ्यापैकी महाग आहे. नदीकाठच्या बागेबाहेरच्या कुरणांत पायवाटेने फुकट फिरता येतं आणि महाल तिथूनच जास्त देखणा दिसतो. एक गंमत जळगावकरांसाठी: १८३० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने इथल्या काचघरात केळ पिकवली आणि तिला मालकाच्या घराण्याचं नाव मिळालं, कॅव्हेंडिश. आपली बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या.

शाकाहारी माणसाचे गावातल्या पबमध्ये हाल होत नाहीत, पण सूप, चीज घातलेला भाजलेला बटाटा आणि चिप्स हे तिसऱ्या दिवशी नकोसं होतं. बेकवेलच्या प्रसिद्ध पुडिंगमध्ये अंडं असतं. शहरात लंडन रोडवर भारतीय, तुर्की, चिनी सगळं मिळतं. गावात राहायचंच असेल तर स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या आणि डाळ-तांदूळ, पोहे शेफील्डमधूनच भरून न्या. तीन-चार रात्रींपेक्षा कमी मुक्कामाला सुट्टीच्या दिवसांत बरेच कॉटेजवाले नकार देतात, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी तेवढं विचारून घ्या.