चप्पल गटासाठी करून घेतलेली पाहणी: पैसे वसूल झाले का?

निपाणीतल्या आमच्या बायकांच्या चप्पल गटाचा हिशेब मी ठेवते. योजनेतून काही घरांना तळ दाबायचं मशीन मिळालं होतं. दुसऱ्या मशीनचा अर्ज करायच्या आधी पहिल्यानं घरात चार पैसे वाढले का, हे कळावं म्हणून आम्ही एका लहान संस्थेकडून पाहणी करून घेतली. संस्थेचं नाव देत नाही, पण अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या गटांसाठी लिहिते. माझ्याकडून पाचपैकी चार.

सगळ्यात आवडली ती त्यांची तुलना. मशीन मिळालेल्या बाईला ‘फायदा झाला का?’ विचारलं तर ती हो म्हणणारच, पुढची योजना कोण घालवेल? म्हणून त्यांनी मशीन न मिळालेली आमच्या गल्लीतली घरं घेतली, आणि कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातलीही घेतली. चामडं त्याच बाजारातलं, व्यापारी बरेचदा तेच, पाऊस तोच. राज्य बदललं म्हणून योजना तेवढ्या वेगळ्या. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेही दोन्हीकडच्या आठ जिल्ह्यांना मिळून: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. सीमेनं आमची कामं अडतात हे रोजचं आहे. मोजमापाला तीच सीमा उपयोगी पडली याचा मला फार आनंद झाला.

हंगामाचंही भान त्यांना होतं. पावसाळ्यात चामडं वाळत नाही, काम जवळजवळ थांबतं. दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत मान वर करायला सवड नसते. एकाच महिन्यात विचारून कमाईचा अंदाज बांधला तर तो चुकणारच. त्यांनी पावसाळ्यात विचारलं आणि दिवाळीनंतर पुन्हा विचारलं. शिवाय तोंडी उत्तरावर न थांबता व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या आणि उचलीची, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या मालाची, वही मागितली.

खरी गोष्ट त्या वहीतच सापडली. मशीनवाल्या घरांची कमाई जास्त होती, पण मशीन यायच्या आधीपासूनच जास्त होती. ज्यांचं आधीच बरं चाललं होतं त्यांनाच अर्ज करायला, कागद गोळा करायला सवड मिळाली. तो जुना फरक वजा केल्यावर मशीनच्या नावावर थोडंच उरलं. मोठा फरक उचलीनं पडत होता. पावसाआधी रोखीनं चामडं भरून ठेवलेलं घर आपला जोड कुणालाही विकू शकत होतं. उचलीवर चामडं आणलेल्या घराचा जोड मात्र त्याच व्यापाऱ्याकडे, त्यानं सांगितलेल्या भावानं जायचा. आम्ही दुसऱ्या मशीनचा अर्ज बाजूला ठेवला आणि चामडं खरेदीसाठी फिरत्या भांडवलाचा प्रस्ताव केला. एवढ्यासाठीच दिलेली फी मला जड वाटली नाही.

आता तक्रारी. पहिल्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ एवढाच रकाना होता. चामडं कापणं, तळ बसवणं पुरुष करतात. वेणी घालणं, शिवण, गोंडे हे बायकांचं. फॉर्मवर त्या सगळ्या ‘घरकाम’ झाल्या होत्या. आम्ही तिथंच थांबवलं. त्यांनी कुरकुर न करता फॉर्म बदलला आणि प्रत्येकीचे कामाचे तास वेगळे विचारले, हे सांगायलाच हवं. 2025 मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा देशभर चर्चा झाली. वेणी घालणारीच्या हातात जोडामागे किती पडतात, हे विचारणारे थोडेच होते. आमच्या पाहणीत तो प्रश्न आता आहे.

अहवाल इंग्रजीत आला. मागितल्यावर मराठी सारांश दिला, तो चांगला होता, बायकांनी बसून वाचला. कन्नड प्रत नव्हती. बेळगावच्या कचेऱ्यांत कागद पुढे सरकवायचा तर ती हवीच. गटातल्या एकीच्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलीनं ती करून दिली. एक गुण याचाच कापला.

‘तालुक्याचे सरकारी आकडे असताना वेगळा खर्च कशाला?’ असं आम्हाला काहींनी विचारलं. प्रादेशिक असमतोल तपासायला कर्नाटक सरकारनं नेमलेल्या डॉ. नंजुंडप्पा समितीनं 2002 मध्ये 35 निकष लावून कर्नाटकातले 175 तालुके तपासले आणि 114 मागास ठरवले. फार मोलाचं काम आहे ते. पण तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती. ऊस, साखर कारखाने, तंबाखू, विड्या आणि आमची चप्पल करणारी घरं, सगळ्यांची मिळून एकच सरासरी. तिच्यात उचलीची वही कुठून दिसणार?

पाहणी करून घेणार असाल तर फॉर्म आधी घरातल्या बायकांना वाचून दाखवा आणि कन्नड प्रतीचं करारातच लिहून घ्या. भांडवल मंजूर झालं तर आम्ही याच संस्थेला पुन्हा बोलावणार आहोत, आणि या वेळी पहिली फेरी पैसे हातात यायच्या आधी करायची ठरलंय.