बाबांना हृदयाच्या रिसर्चवाल्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्याचा रिव्ह्यू

आधी सांगते, हे नेहमीचं हार्ट क्लिनिक नाही. इथले डॉक्टर पेशंटही बघतात आणि हार्ट अटॅक टाळायचा कसा, आलाच तर उपचार कोणते, यावर औषधांच्या चाचण्याही चालवतात. बाबा ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, अटॅक कधी आलेला नाही, पण धाकट्या काकांना अचानक आला आणि गेले तेव्हापासून घरात सगळ्यांनीच धसका घेतलाय. म्हणून नेलं. नाव लिहीत नाही कारण तक्रारीही आहेत.

पहिली तक्रार इथेच. अपॉइंटमेंट सकाळची, आत घेतलं दोन तासांनी. मधे कोणी येऊन सांगत नाही किती वेळ लागेल, काउंटरवर विचारलं की "बोलावतील". रिपोर्ट ऑनलाइन मिळतील म्हणाले, ते पेज शेवटपर्यंत उघडलं नाही, फोन करून करून मागवावे लागले.

पण आत गेल्यावर जे झालं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. नर्सने बाबांना खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि पाच मिनिटं कोणीच बोलायचं नाही. बाबा आणि पाच मिनिटं गप्प! मग मशीनने तीन वेळा बीपी घेतलं आणि सरासरी काढली. घरच्या मशीनवर रोज १५०-१५५ दिसायचं, इथे १३८. आम्हाला वाटलं यांचंच मशीन बिघडलंय. तर बिघाड आमच्या कफमधे (दंडाला गुंडाळायचा पट्टा) निघाला, बाबांचा दंड जाड आणि घरचा कफ रेग्युलर. २०२३ मधे यावर एक अभ्यास आलाय म्हणे, लार्ज कफ लागणाऱ्याला रेग्युलर लावला तर वरचा आकडा साधारण ५ ने जास्त येतो आणि एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्याला लावला तर जवळपास २० ने. बाकीचा फरक आमच्या पद्धतीचा, कारण आम्ही फिरून आल्या आल्या, गप्पा मारत मोजायचो.

मी म्हटलं एवढं काय त्यात, दोन-चार आकडे इकडे तिकडे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या २०१५ मधे स्प्रिंट नावाच्या चाचणीचा निकाल आला, ९,३६१ लोक होते, वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांना १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा एवढा फायदा दिसला की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवली, पण तिथे बीपी असंच शांत बसवून मोजलं होतं. तुम्ही जिना चढून आल्यावर मोजणार आणि त्या १२० शी तुलना करणार, मग गोळ्या उगाच वाढणार आणि तुमच्या बाबांना चक्कर येणार. हे इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग अ‍ॅस्पिरिन. बाबा कोणाचं तरी ऐकून रोज एक छोटी अ‍ॅस्पिरिन घेत होते, "रक्त पातळ राहतं" म्हणून, आणि आम्हालाही ते बरोबरच वाटायचं. मॅडमनी पट्टी बघितली आणि विचारलं ही कोणी दिली. शांतता. त्या ओरडल्या नाहीत हे मला आवडलं, कागद घेतला आणि दोन खाने काढले. एका बाजूला १९८८ ची चाचणी, हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,००० हून जास्त पेशंट, महिनाभर अ‍ॅस्पिरिन दिली तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी. दुसऱ्या बाजूला २०१८ ची, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,००० हून जास्त धडधाकट म्हातारे लोक, बहुतेक ७० च्या पुढचे, त्यांना रोज अ‍ॅस्पिरिन देऊन हृदयविकार काही खास टळला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. गोळी तीच. "काका, तुम्ही या खान्यात आहात," म्हणून दुसऱ्या खान्यावर पेन ठेवलं. बंद केली. (स्टेंट बसलेल्या किंवा अटॅक येऊन गेलेल्या माणसाने हे वाचून आपली बंद करू नका हां, तुमचा खाना वेगळा आहे, त्यांनीही हे दोनदा बजावलं.)

माझीही एक टेस्ट लिहून दिली, लिपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. काका लवकर गेले म्हणून. हा आकडा बहुतेक जन्मानेच ठरलेला असतो, खाण्यापिण्याने फारसा हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा बघितलं तरी पुरतं. मग बघून उपयोग काय, असं मी विचारलं. म्हणाल्या, जास्त आला तर बाकी जे हातात आहे, म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), बीपी, सिगरेट, शुगर, ते आपण जास्त कडक धरू. गोड बोलून काहीतरी विकायचा प्रयत्न नाही, हे बरं वाटलं.

शेवटी एक माणूस फाइल घेऊन आला, एका नव्या औषधाच्या चाचणीत यायचंय का विचारायला. बाबा एकदम ताठ. "आमच्यावर प्रयोग करणार?" इथे मात्र क्लिनिक कमी पडलं. त्याने भराभर वाचून दाखवलं, कुठे सही करायची ते बोट ठेवून दाखवलं, अर्ध्या लोकांना नुसती औषध नसलेली गोळी मिळणार हे आम्हाला तिसऱ्या पानावर कळलं. मॅडमनाच परत बोलवावं लागलं. त्यांनी १९९४ चा किस्सा सांगितला, ४,४४४ हृदयरोगी, अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, अर्ध्यांना खोटी गोळी, साधारण साडेपाच वर्षांत खोट्या गोळीवाले २५६ गेले आणि खऱ्या गोळीवाले १८२. तोपर्यंत कोलेस्टेरॉल उतरवून माणसं खरंच वाचतात का यावर डॉक्टरांचीच भांडणं चालायची. खोटी गोळी घेणारे नसते तर ते १८२ कमी की जास्त हे कळलंच नसतं. आणि नाही म्हणालात तरी उपचार हेच, मधेच सोडलंत तरी हेच. हे सगळं आधी त्या फाइलवाल्याने सांगायला नको का? बाबा नाहीच म्हणाले, कोणी वाईट तोंड केलं नाही.

पाचातले चार देते, एक कापला तो दोन तासांचा, ऑनलाइन रिपोर्टचा आणि फाइलवाल्याचा मिळून. जाणार असाल तर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरचं बीपी मशीन कफसकट न्या, ते त्यांच्या मशीनशी ताडून देतात. आमच्याकडे आता मोठा कफ आलाय आणि रोज सकाळी बाबा खुर्चीत बसून सगळ्या घराला पाच मिनिटं गप्प बसवतात, कुकरची शिट्टी झाली तरी परत पहिल्यापासून.