थायरॉइडची रेडिओआयोडीन कॅप्सूल: पुण्यातल्या एका न्यूक्लिअर मेडिसिन विभागाचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते खाली लिहिलंय.

मी एसटीत वाहक आहे, सातारा विभागात. मागच्या दिवाळीपासून सुट्टे पैसे परत देताना हात थरथरायला लागला. डिसेंबरातल्या पहाटेच्या गाडीतही घामानं गणवेश भिजायचा, आणि दोन्ही वेळ पोटभर जेवूनही वजन नऊ किलो उतरलं. रक्तातलं टीएसएच (थायरॉइड ग्रंथी जास्त चालली की हे कमी होतं) ०.०१ च्या खाली. स्कॅनमध्ये उजवीकडची एकच गाठ ठळक दिसली, बाकीची ग्रंथी जवळपास दिसतच नव्हती.

डॉक्टरांनी ऑपरेशन, सुईनं गाठ जाळणं आणि किरण सोडणाऱ्या आयोडीनची कॅप्सूल असे तीन मार्ग सांगितले. गाठ साडेचार सेंटीमीटरची, सुईला कदाचित दोनदा जावं लागलं असतं. मी कॅप्सूल निवडली.

विभागातल्या मॅडमनी छान समजावलं. "ताई, तुमची बाकीची ग्रंथी सध्या झोपलीये. आयोडीन ओढते ती फक्त गाठ, म्हणून औषधही तिथंच जाणार." त्याचे किरण पेशींमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, आणि हा उपचार १९४१ पासून दिला जातोय, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पाच दिवस आधी कार्बिमॅझोल (थायरॉइड आवरणारी गोळी) बंद, जेवणातलं आयोडीन टाळायला दहा दिवस घरात सैंधव मीठ, मासे नाहीत. त्या दिवशी शिशाच्या जड डब्यातून कॅप्सूल काढली, मी पाण्याबरोबर गिळली. मात्रा १५ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप). ना चव, ना वास. तासाभरानं सोडलं. पुतण्याच्या गाडीत मागच्या सीटवर, त्याच्या तिरकं बसून घरी आले, कारण एसटीनं जायचं नव्हतं.

आता कापलेला तारा. निघताना खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "परवापासून कामावर जा." माझं काम काय, हे विचारलंच नाही! माझ्या गाडीत लेकुरवाळ्या बायका असतात, पोटुशा असतात, उभ्या गर्दीत अंगाला अंग लागतं. मी परत आत गेले आणि मॅडमना विचारलं. त्यांनी तिथंच तीन आठवड्यांचा दाखला लिहून दिला. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, आणि लहान मुलं व गरोदर बायकांपासून काही दिवस लांब राहायचं असतं. मी विचारलं नसतं तर? शिवाय सूचनांचा कागद इंग्रजीत. शौचालयात दोनदा पाणी सोडायचं, वेगळं झोपायचं, सहा महिने गर्भ राहू द्यायचा नाही, या गोष्टी ज्या बाईला कळायला हव्यात तिला तो कागद वाचता येणार नाही. तो मराठीत हवाच. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर हे औषध देतच नाहीत, तेही आधीच मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

तीन आठवडे नातीला दारातूनच बघितलं. ते सगळ्यात जड गेलं. चौथ्या दिवशी गळा थोडा दुखला, बाकी त्रास नाही.

परवा तीन महिन्यांची तपासणी झाली. टी३, टी४ (थायरॉइडचे हार्मोन) जागेवर आलेत, वजन चार किलो भरलं. पुढे ग्रंथी मंदावू शकते, मग रोज थायरॉक्सिनची गोळी, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. जाणार असाल तर सकाळी उपाशी जा, घरची गाडी ठरवून ठेवा, आणि तुम्ही काय काम करता ते त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.